कालव्याच्या रस्त्यावरचे दोन मीटर

आमच्या नगररचना कार्यालयात काकांना तोंडावर सगळे काका म्हणत आणि पाठीमागे रेघोबा. चौतीस वर्षं त्यांनी शहराचे नकाशे काढले. संगणक आले तरी शर्टाच्या खिशात फूटपट्टी असायचीच. कुणी चहाचा कप नकाशाजवळ आणला तर ते कपाकडे असं बघायचे, की माणूस न सांगता मागे सरकायचा. मी शेजारच्या टेबलावर आवक-जावक सांभाळायचे. अकरा वर्षांत मी त्यांना कुणाशी भांडताना पाहिलं नाही, आणि कुणासाठी भांडतानाही नाही.

ते निवृत्त झाल्याच्या तिसऱ्या वर्षी शहराचा नवा विकास आराखडा जाहीर झाला. हरकतींना तीस दिवसांची मुदत होती. तेव्हा शिवणकारखान्यातली एक बाई माझ्या टेबलाशी आली. ती आणि तिची जाऊ कालव्याच्या रस्त्यानं रोज पहिल्या पाळीला सायकलवर जायच्या. चार महिन्यांपूर्वी खडीच्या डंपरनं जावेला मागून चिरडलं होतं. ही पुढे होती. उतरून वळेपर्यंत सगळं संपलेलं. त्यानंतर तिनं कारखान्यातल्या बायकांना घेऊन आठवडाभर त्या रस्त्यावरच्या सायकली मोजल्या होत्या. सकाळच्या एका तासात सहाशेच्या वर. तिचं म्हणणं एवढंच, की नव्या आराखड्यात त्या रस्त्याला सायकल ट्रॅक हवा, आणि अर्ज कुणाच्या नावे करायचा ते कुणीतरी नीट सांगावं.

काका त्याच दिवशी पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यायला आले होते. त्यांनी सगळं ऐकलं, दाखला माझ्यापुढे ठेवला आणि तिला बाहेरच्या बाकावर घेऊन गेले. मला वाटलं, दोन मिनिटं समजूत घालतील. तास झाला तरी ते बोलतच होते.

मग महिनाभर ते रोज संध्याकाळी तिच्या घरी जाऊ लागले. एका सुट्टीच्या दिवशी मीही गेले. बाहेरच्या खोलीत पलंगावर नकाशा पसरलेला, भोवती सात-आठ बायका. एकीच्या कडेवर जावेची धाकटी मुलगी. काका त्यांना नकाशा वाचायला शिकवत होते. सगळ्यांच्या सह्यांचा एकच अर्ज देऊ नका, तो एकच मोजतात. प्रत्येकीनं वेगळा द्या, असं बजावत होते. कुणीतरी चहा आणला तेव्हा मी आणि काका दोघांनीही आधी नकाशाकडे पाहिलं, आणि मला हसू आलं. त्या घरात चार महिन्यांत कुणी हसलं नसावं. सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या तशी मी गप्प झाले.

चारशे बारा अर्ज आले. सुनावणीला सभागृह भरलं. इतिवृत्त लिहायला मी सुनावणी घेणाऱ्या आमच्या साहेबांच्या डाव्या हाताला बसले होते. बाईला तीन मिनिटं मिळाली. तिनं आकडे सांगितले, जावेचं सांगितलं आणि वेळेत संपवलं. साहेब शांतपणे म्हणाले, की मागणीचा आदर आहे, पण या रस्त्यावर सायकल ट्रॅक कधीच प्रस्तावित नव्हता आणि आता दोन्ही बाजूंना बांधकामं झाली आहेत.

मागच्या रांगेतून काका उठले.

"होता," ते म्हणाले. "डाव्या बाजूला, दोन मीटर. मीच काढला होता आणि मीच खोडला."

साहेबांनी पुरावा विचारला. काका म्हणाले, मूळ नकाशा अभिलेख कक्षात असेल, उजेडात धरलात तर ब्लेडनं शाई खरवडल्याच्या खुणा दिसतील. तो नकाशा उपलब्ध नसल्याचं साहेबांनी जागेवरच सांगितलं. मग माझ्याकडे न बघता, हळू आवाजात, "हे इतिवृत्तात नको."

मी ते लिहिलं नाही.

बाकीचं काकांनी जिन्यात सांगितलं. बाई आणि मी, दोघीच होतो. बावीस वर्षांपूर्वी तेव्हाच्या साहेबांनी एका दुपारी ट्रॅक काढून टाकायला सांगितलं होतं. त्या बाजूच्या दुकानांनी तोवर भिंती पुढे आणल्या होत्या. त्यातलं एक प्लायवूडचं दुकान काकांच्या धाकट्या भावाचं होतं.

"साहेबांनी सांगितलं म्हणून खोडला, असं मी इतकी वर्षं धरून चाललो," काका म्हणाले. "पण खोडताना मला बरं वाटलं होतं. भावाचं दुकान वाचलं म्हणून."

बाईनं मनातल्या मनात काहीतरी हिशेब केला. बावीस वर्षं ट्रॅक असता तर, हाच असणार. ती जिना उतरून गेली.

संध्याकाळपर्यंत सभागृहातलं वाक्य भावाच्या कानावर गेलं; डाव्या बाजूला त्याचंही दुकान आहे, हे गावाला ठाऊक होतं. तो काकांच्या दारातच उभा राहिला, घरात आला नाही. "दादा, तू मला चारचौघांत चोर ठरवलंस," एवढं म्हणाला. काकूंनी त्याला आत बोलावलं, हात धरला. तो हात सोडवून गेला. त्यानंतर दोन्ही घरांचं जाणंयेणं तुटलं. पुतणीचं लग्न ठरल्याचंही काकूंना किराणा दुकानात कळलं.

आठव्या दिवशी बाई काकांकडे आली. तिनं माफी दिली असं मी म्हणणार नाही. ती बसली आणि म्हणाली, "पुढचा अर्ज कसा लिहायचा ते सांगा." काकांनी चष्मा पुसला आणि कागद घेतला.

वर्षभरानं आराखडा मंजूर झाला. त्यात सायकल ट्रॅक होता, पण शहराच्या दुसऱ्या टोकाला, तळ्याभोवती. सकाळी फिरायला येणाऱ्यांसाठी. आदेशात लिहिलं होतं, 'चारशे बारा नागरिकांच्या मागणीनुसार'. तो आदेश बाईला मीच दिला. तिनं ती ओळ दोनदा वाचली. "आमच्याच अर्जांवर," ती म्हणाली. भावाच्या दुकानाची एक वीटही हलली नाही, तरी भाऊ काकांशी बोलला नाही. कालव्याच्या रस्त्यावर त्या वर्षी आणखी दोघं गेले.

काका गेल्या वर्षी वारले. शेवटचे काही महिने हात थरथरायचा, सरळ रेघ येईना, तेव्हा ते तोंडानं सांगायचे आणि बाई लिहून घ्यायची. अंत्ययात्रा कालव्याच्या रस्त्यानंच गेली. पाळी संपवून आलेल्या बायका सायकली हातात धरून मागून चालत होत्या. भावाचं दुकान उघडं होतं. तो गल्ल्यावर बसून होता, मान खाली. काकूंनी तिकडे पाहिलं नाही.

पंधरा दिवसांनी मी एका कोऱ्या कागदावर सुनावणीतलं काकांचं वाक्य तारखेसह लिहिलं. इतिवृत्तात ते का लिहिलं नव्हतं, तेही लिहिलं. खाली नाव आणि हुद्दा घालून सही केली, आणि कागद कारखान्याच्या फाटकाशी बाईला नेऊन दिला. नोकरीची अजून सहा वर्षं आहेत, साहेबांना कळायला आठवडा लागणार नाही, हे मला ठाऊक होतं. तिनं उभ्याउभ्या वाचलं.

"याचा उपयोग होईल?" तिनं विचारलं.

मी म्हणाले, माहीत नाही.

तिनं कागदाची घडी डब्याच्या पिशवीत ठेवली. पाळीला उशीर होत होता, ती आत गेली.