आबांच्या अंगातली साखर

माझे वडील, आबा, मलकापूरजवळच्या आमच्या गावी गोठ्यात घसरून पडले आणि त्यांचं खुब्याचं हाड मोडलं. कोल्हापुरात ऑपरेशन झालं, तेही नीट झालं. घरी सोडायची बोलणी चालू असतानाच त्यांना हुडहुडी भरून ताप आला. बोलणं भरकटलं. शेजारच्या कॉटवरच्या माणसाला ते सारखे म्हणायला लागले, "पावणं, म्हशी सोडा की आधी!"

लघवी तपासली. डॉक्टर म्हणाले, "जंतू निघालेत. इथले हॉस्पिटलातलेच आहेत, लघवीसाठी घातलेल्या नळीवाटे आत गेलेत. नेहमीची औषधं लागू पडणार नाहीत, बदलूया."

मी कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. हा जंतू दरवर्षी फळ्यावर काढते. त्याच्या अंगावर केसांसारखे तंतू असतात. आपल्या पेशींवर बाहेरून साखरेचे बारीक तुरे असतात आणि तंतूंची टोकं त्या साखरेला नेमकी चिकटतात. लघवीचा जोर वाढला, तर पकड सुटायच्या ऐवजी आणखी घट्ट होते. हे सांगितलं की मुलं चकित होतात आणि मला बरं वाटतं. आता तेच आठवून मला एका जागी बसवेना. व्हरांड्यात जायचं, परत यायचं, पिशवीतल्या लघवीचा रंग बघायचा, हात धुवायचे, पुन्हा व्हरांड्यात. नर्सबाई आल्या की माझी नजर आधी त्यांच्या हातांवर.

दुपारी गावाहून काका आले. एसटीतून उतरून थेट वॉर्डात. आबांचे धाकटे भाऊ ते. आल्या आल्या त्यांनी न धुतलेला हात आबांच्या कपाळावर ठेवला.

"काका, हात लावू नका!" मी इतक्या मोठ्यानं ओरडले की अख्खा वॉर्ड वळून बघायला लागला.

काकांनी हात मागे घेतला. थोडा वेळ बाहेरच्या बाकावर बसले आणि चहा न घेताच निघून गेले.

औषध बदलल्यावर आबा जरा शुद्धीवर आले. मी हातमोजे घालून त्यांचं तोंड पुसत होते.

"मला वाळीत टाकलंस व्हय गं?" ते म्हणाले.

मी त्यांना जंतू आणि साखर समजावून सांगितली.

"मला साखर न्हाय," ते ठसक्यात म्हणाले. "तपासल्याली हाय की."

"ती साखर नव्हे आबा. ही सगळ्यांच्या अंगात असते. ती काढून टाकता येत नाही."

"मग ते सुटायचं कसं?"

"औषधानं मरेल. आणि नळी निघाली की नव्यानं आत शिरायची वाट बंद होईल."

"मग काढा की नळी! ठेवलीया कशाला?"

मी तशीच उठून डॉक्टरांकडे गेले. नळीची अजून गरज आहे का, एवढंच विचारलं. त्यांनी कागद चाळले आणि म्हणाले, "नाही खरं तर. काढू आजच."

नळी निघाली. मग नवी काळजी, त्यांना आपणहून होतंय की नाही. संध्याकाळी आबांनी भांडं मागितलं, तेव्हा मी पडद्याबाहेर कान लावून उभी होते. आवाज आला आणि मी नर्सबाईंना सांगायला धावले.

ताप हळूहळू उतरला. आता आबा माझ्याकडेच असतात, वॉकर धरून अंगणापर्यंत जातात. गेल्या आठवड्यात काका आले. चप्पल काढून उंबऱ्यातच थांबले आणि मला म्हणाले, "आता लावू का हात?"

त्यात टोमणा नव्हता. खरंच विचारत होते. मी मान डोलावली. दोघं भाऊ खाटेवर खेटून बसले, गावच्या पावसाचं बोलायला लागले. मी स्वयंपाकघरात चहा ठेवला, आणि तो उकळेपर्यंत तीनदा बाहेर येऊन आबांच्या चेहऱ्याकडे बघून गेले.