अल्बमातलं क्लारनेट

आमच्या बँडचा पहिला अल्बम अजूनही मोबाइलवर सापडतो. त्यात गाणारं कोणी नाही. काकांची तशी अटच होती. वरातीत पोरांना शब्द लागतात, पण नवरीला निरोप देताना कोणी शब्द ऐकत नाही, तिथं नुसतं क्लारनेट पुरतं, असं ते म्हणायचे.

ते माझे सख्खे काका नव्हेत. रिसोडच्या त्या बँडचे मालक आणि मास्तर. माझा बाप गेल्यावर त्यांनी मला घरात ठेवून घेतलं, सूर शिकवले, कीबोर्डवर बसवलं.

त्या वर्षी त्यांना खोकल्यानं धरलं होतं. वरात चढाला लागली की ते क्लारनेट खाली घेत आणि मला नजरेनं खुणावत. पुढची ओळ मी कीबोर्डवर ओढून नेत असे. काकू रोज मागे लागायची, "आता पुरे करा ना!" शेवटी ते म्हणाले, "रेकॉर्डिंग होऊ दे. मशीन काही लाज ठेवत नाही. त्यात दम कमी वाटला, तं ठेवतो बाजा खाली."

रेकॉर्डिंग वाशीमला झालं. निरोपाच्या धुनेत त्यांचा लांब सूर मधेच तुटला. पुन्हा घेतला, पुन्हा तुटला. ते रिसोडला परतले आणि पुढच्या कामासाठी मी एकटा थांबलो. रेकॉर्डिंगवाला म्हणाला, "भाऊ, तुमच्या कीबोर्डात क्लारनेट हाय ना? वाजवून टाका. कोणाले समजते?"

मी वाजवलं. एका धुनेत नाही, सगळ्यांतच.

आजवर मनाला सांगत आलो की काकांची लाज राखायला केलं. खोटं आहे. मला अल्बम चांगला हवा होता.

ते ओळखतील ही भीती होती. पण त्यातल्या हरकती त्यांच्याच होत्या, मी त्यांच्याकडून उचललेल्या. आणि स्वतःचं वाजवणं बाहेरून ऐकायची त्यांना कुठं सवय होती? त्यांनी डोळे मिटून पूर्ण ऐकलं. मग काकूला हाक मारली, "पाह्य वं, काय म्हनत होती तू!"

डॉक्टरांनी फुंकायला साफ मनाई केली, तेव्हा काकांनी त्यांच्यासमोर मोबाइल धरला. "ऐका सायेब. हा मी." डॉक्टरांनी एकदा एक्स-रेकडं पाहिलं, एकदा माझ्याकडं. "कधीचं आहे हे?"

"मागच्या महिन्यातलं," मी म्हणालो. काकांनी सीझनची एकही तारीख सोडली नाही.

रिठदच्या लग्नात नवरदेव मारुतीच्या पाया पडायला निघाला होता. भर दुपार. काका पाराला टेकून खाली बसले. नाचणारी पोरं ओरडली, "ओ मास्तर, बॅटरी उतरली काय?" काका हसले. वरात पुढं सरकली, तसा आमचा कीबोर्ड-स्पीकरचा गाडाही. काकांनी मला नजरेनं खुणावलं आणि मी ओळ उचलली. वाजवत राहिलो. मागं वळून पाहिलं तेव्हा ते आडवे झाले होते. जीप वाशीमला पोचायच्या आत गेले.

काकू संध्याकाळी ओट्यावर बसून अल्बम लावते. तांदूळ निवडता निवडता ऐकते. मी शेजारी बसायचो आणि उठून जायचो. परवा उठलो नाही. सांगून टाकलं.

तिनं मोबाइल बंद केला. बराच वेळ सुपातले खडे वेचत राहिली.

"सारंच तुव्हं?"

"हो काकू."

"मंग त्याईचं काय उरलं माह्यापाशी?"

तिनं सूप खाली ठेवलं.

"पयलं असन ना तिथं, त्याईनं वाजवलेलं? ते आनून दे. तुटकं असलं तरी चालते मले. खोकला असला तरी चालते."

ते पुसून टाकायला मीच सांगितलं होतं. हेही मग तिला सांगावं लागलं.