पाण्यातलं पातं

नदीत कोणी उडी मारली की धब्ब करून आवाज होतो. आमचं घर घाटापासून हाकेच्या अंतरावर, त्यामुळे उन्हाळाभर तो कानावर पडतच असतो. कधी लक्षही जात नाही. पण त्या वर्षी वैशाखात तो आवाज आला की माझ्या हातातली भाकर थांबायची. मी कान लावून बसायची. पाठोपाठ हसणं ऐकू आलं की मगच भाकर तव्यावर पडायची.

कारण पाण्यात काय आहे ते फक्त मला माहीत होतं.

सांगते. आमचा वखर अजून बाभळीचा आहे. लोखंडी वखर आता घरोघरी आले, पण हा माझ्या मालकांनी स्वतः बसून करून घेतलेला, म्हणून मी तो सोडला नाही. वैशाखातल्या उन्हानं लाकूड आटतं आणि सांधे खुळखुळे होतात. मग आमच्याकडं वखर दोन दिवस नदीत बुडवून ठेवतात, वर धोंडे ठेवून. लाकूड पाणी पितं, फुगतं, सांधे घट्ट बसतात. मालक होते तेव्हा आधी पास काढून घ्यायचे. पास म्हणजे वखराचं खालचं पातं, हातभर लांब, ज्यानं जमीन खरडली जाते. ते काढायचे, घरात टांगायचे आणि मगच लाकूड पाण्यात. मी ते दरवर्षी बघितलेलं.

मालक गेले, आणि मी हट्टानं शेती हाती घेतली. वखराला बाईचा हात लागत नाही आमच्याकडं. लोक तोंडावर बोलले नाहीत, पण पारावरून हसले. म्हणून वखर भिजवायचा दिवस आला तेव्हा मी कोणाला हाक मारली नाही. पात्याच्या कड्या गंजून बसल्या होत्या, हातोडी मारून मारून माझा हात दुखला. म्हटलं, असू दे, पात्यासकट बुडवू. दोन दिवसांचा तर प्रश्न. पातं नुकतंच धार लावून आणलेलं होतं. तेही तसंच पाण्यात गेलं.

त्याच रात्री वरच्या धरणातून पाणी सोडलं. दवंडी झाली होती म्हणतात, मी बाभुळगावच्या बाजाराला गेले होते. सकाळी घाटावर गेले तर धोंडे हललेले, वखर नाही. अर्धा कोस खाली, बेशरमाच्या झुडपात तो अडकलेला सापडला. लाकूड मस्त फुगलेलं. पण खाली पातं नव्हतं. एक कडी तुटून लोंबत होती, दुसरी पात्याबरोबर गेलेली.

जड लोखंड लांब जात नाही, म्हणजे ते घाटातच कुठंतरी गाळात पडलेलं.

पाणी दोन दिवसांनी उतरलं. कमरेएवढं राहिलं, पण गढूळ, बोटभर खालचं दिसत नाही असं. आणि शाळेला सुट्ट्या लागलेल्या. गावातली सगळी पोट्टी घाटालगतच्या मोठ्या धोंड्यावरून उड्या मारायला लागली. मी रोज घाटावर जाऊन बसायची. कोणी नसलं की दाताळं घेऊन गाळ ओढायची. दाताळ्यात नुसते गोटे यायचे.

तेव्हा सांगून टाकायला पाहिजे होतं. आता कळतं. पण मला पारावरचं ते हसू दिसायचं आणि मी दाताळं उचलून घरी यायची.

त्यात भर म्हणजे पुसदहून नात आली, आठ वर्षांची. आल्या आल्या म्हणते, "आजी, मले या वर्षी पोहणं शिकाचं हाय."

"पाणी घाण हाय माय."

"सारेच तं पोहून राह्यले. तू मलेच काहून जाऊ देत नाही?"

"साप हाय तिथं."

"मंग त्याईले काहून नाही सांगत?"

मी तिला हात धरून घरात नेलं. आणि दुसऱ्या दिवशी शेजारणीची पोरगी टाचेतून रक्त गाळत घाटावरून आली. काच लागली होती. काच मी माझ्या डोळ्यांनी बघितली, माझ्या हातांनी काढली. तरी मी तिची टाच पुन्हा पुन्हा धुवून बघत होते. शेजारीण म्हणाली, "आत्या, रगत तिचं निघून राह्यलं अन् पांढऱ्या तुमी पडल्या."

त्या संध्याकाळी मी दिराला सगळं सांगितलं. दीर माझा लाईनमन होता, आता रिटायर. जन्मभर खांबावर चढलेला माणूस, गुडघे कामातून गेलेले, पण मशीन म्हटलं की डोळे चमकतात. ऐकून घेतलं आणि म्हणाला, "वहिनी, बारा दिस झाले अन् आज सांगून राह्यल्या?"

"ओरडा तुमी. पण आधी काही करा."

तिसऱ्या दिवशी तो पुसदच्या एका दोस्ताकडून मशीन घेऊन आला. पाण्यात चालणारं मेटल डिटेक्टर. दोस्ताला नाद असा की गणपती बुडवले की बायांचे दागिने चुकून मूर्तीबरोबर जातात, ते तो शोधून देतो. अंगणात बाजेवर आम्ही ते जोडलं. खाली ताटाएवढी गोल चकती, तिच्यातून निघालेली वायर दांड्याला वेटोळे देत वर आणायची, सैल ठेवायची नाही, नाहीतर मशीन उगाच ओरडतं. वरती डबी, तिच्यात बॅटरी. चार्जिंगच्या भोकावर रबरी बूच होतं. दिरानं ते तीन तीनदा दाबलं. "हे सैल राह्यलं तं पाणी आत अन् मशीन खतम." कानाला लावायचं वायरचंच होतं, बिनवायरचं पाण्यात चालत नाही म्हणे. मग चकतीखाली पितळेचा गडवा धरला, टुंई. नातीचं चांदीचं पैंजण धरलं, टुंई. दिरानं माझ्याकडं असं बघितलं की जसं मशीन त्यानंच बनवलं.

घाटावर नेलं तर वेगळंच. आमची काळी माती, काळा गाळ. चकती खाली नेली की मशीन आपोआप कुरकुरायला लागलं. दीर म्हणाला, मातीतही लोखंडाचा अंश असतो, आधी तिची ओळख करून द्या लागते. एक बटण दाबून धरायचं आणि चकती गाळावर खालीवर, खालीवर करायची, कुरकुर थांबेपर्यंत. थांबली.

आता पाण्यात जाणार कोण? दिराच्या गुडघ्याला उतार झेपत नव्हता. माझ्या कमरेला दोर बांधला, दुसरं टोक त्याच्या हातात, पायात त्याचे जुने जाड तळाचे बूट. मला पोहता येत नाही, आणि त्याहून मोठी भीती पायाखालची. पाऊल उचलायचंच नाही, गाळातून सरकवत न्यायचं, हे मीच ठरवलं. बुटाला काही टेकलं की थबकून काठीनं चाचपायची. गोटा असायचा.

"जोरात फिरवू नका, सावकाश! चकती आडवी ठेवा!" दीर काठावरून ओरडायचा.

"भाऊजी, जन्मभर अंगण सारवलं म्या. मले शिकवू नका."

खरंच, ते काम सारवण्यासारखंच आहे. एक हात फिरला की दुसरा त्याच्यावर थोडा चढायला पाहिजे, मधे कोरडी जागा सुटायला नको. तसं मी दोन दिवस तो सगळा घाट सारवून काढला. काठावर बाया जमल्या. कोणी म्हणे, "बुढी गुप्तधन शोधून राह्यली." कोणी म्हणे, "हंडा निघला तं वाटा द्या आत्या!" दीर हसून वेळ मारून न्यायचा. मी चकती फिरवत राहायची. तेव्हाही बोलले नाही, बघा.

नाणी निघाली, पितळेची एक घंटी निघाली, तांब्याची तार, ॲल्युमिनियमची वाटी, तुटकं जोडवं. पातं नाही. दीर म्हणाला, "गेलं वाहून. घाट साफ हाय, वहिनी. पाठवा पोट्टीले."

मला इतकं हलकं वाटलं की मी रडले. नातीला म्हटलं, "जाय. पण काकीसंग जाय." ती उड्या मारत गेली. काकी म्हणजे शेजारीणच.

मग मी ओसरीवर बसून सापडलेलं सामान चिंचेनं घासायला घेतलं. घंटी घासली, लखलखली. वाटी घासली. जोडवं घासलं. हात धुतले आणि हातांकडं बघत राहिले. हाताला गंज नव्हता. ढिगात पिवळं होतं, तांबडं होतं, पांढरं होतं. पण एक खिळा नव्हता. पोळ्याला साऱ्या गावाचे बैल त्याच घाटावर धुतात. त्यांच्या खुरांचे नाल, नालांचे खिळे, वर्षानुवर्षं तिथं पडतात. दोन दिवस सारवलं आणि एकही नाल नाही, एक खिळा नाही?

मी उठले, भिंतीतला विळा काढला आणि मशीन सुरू करून चकतीखाली धरला.

मशीन गप्प.

पुन्हा धरला. गप्प. दागिने शोधणाऱ्या माणसाचं मशीन. त्याला खिळे नको असतात, म्हणून त्यानं त्याला लोखंड ऐकायचंच नाही असं लावून ठेवलेलं. आणि आम्ही त्याच्या भरवशावर घाट साफ म्हणालो. मी म्हणाले. पोरीला मीच पाठवलं.

"भाऊजी! त्याले लोखंड ऐकू येत नाही!" एवढंच ओरडले आणि धावले. पायात चप्पल नव्हती. उतरणीवर दोनदा पडले. घाटावर सहा-सात पोट्टी पाण्यात, आणि नात धोंड्यावर, हात पसरून उभी.

"उडी मारू नोको! कोनी पाय हालवू नका! पान्यात माह्या वखराचं पातं हाय!"

सगळं थांबलं. शेजारणीनं आधी नातीला धोंड्यावरून खाली ओढलं, मग माझ्याकडं वळली. "काय हाय म्हणता?"

सांगितलं. सगळं, कड्यांपासून दवंडीपर्यंत. पोरं जागच्या जागी उभी, कोणी रडायला लागलेलं. बायांनी दोर फेकला आणि एकेकाला पाण्यावर आडवं करून ओढून घेतलं, पाय तळाला न टेकवता. शेवटची पोरगी मी स्वतः काठावर ओढून घेतली. शेजारीण म्हणाली, "पंधरा दिस, आत्या? पंधरा दिस आमची लेकरं तिथं नाचून राह्यली अन् तुमी पाहून राह्यल्या?"

दीर लंगडत मशीन घेऊन आला. डबीवर खिळ्याचं बारीक चित्र होतं, त्यावर काट मारलेली. दोन दिवस ते आमच्या नाकासमोर होतं. त्यानं बटण दाबून ती काट घालवली. मी परत पाण्यात उतरले. आता मशीन पावलापावलाला ओरडत होतं, नाल, खिळा, नाल. प्रत्येक आवाजाला वाटे, हेच. धोंड्याच्या खाली आले तेव्हा आवाज तुटेना. चकती हातभर सरकवली तरी तोच, लांब, घोगरा. मी तिथं काठी खुपसली. टण्ण.

शेजारीण स्वतः आली, कुदळीनं गाळ सरकवला आणि दोघींनी दोराचा फास टाकून ते वर काढलं. धार वर होती. धोंड्यावरून मारलेली उडी जिथं पडते त्याच्यापासून वीतभर बाजूला. पंधरा दिवस सगळी पोट्टी त्या वीतभराच्या अलीकडं पडत होती. दिरानं धारेवर अंगठा फिरवला आणि पातं पोत्यात गुंडाळलं. तो मला ओरडला असता तर बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी दुसरी कडीही शोधून काढली. तरी पोट्टी काठावरच उभी. शेजारणीनं माझ्याकडं बघितलं. "आता साफ हाय म्हणता?"

"हाय."

"मंग आधी तुमी चाला. बिनबुटाच्या."

मी लुगडं खोचलं आणि उतरले. या वेळी पाय सरकवला नाही, उचलून टाकला, पूर्ण टाच टेकवून. गाळ गार होता. प्रत्येक पावलाला डोळे मिटले जायचे. या काठापासून धोंड्यापर्यंत, धोंड्याला वळसा घालून, परत. कोणी हसलं नाही. मी अजून अर्ध्यात होते, आणि मागं धब्ब झालं.

मी वळले नाही. जागच्या जागी उभी राहिले, आणि हसणं येईपर्यंत मोजत राहिले.