पितळी चाळणी

त्या बाईचा मला पहिल्या आठवड्यापासून राग होता आणि तो लपवायचे कष्ट मी घेतले नाहीत. तिनेही घेतले नाहीत. तेवढ्या एका बाबतीत आमचं छान जमायचं.

मी विद्यापीठात कृषी रसायनशास्त्र विभागाचा परिचर. परिचर म्हणजे काय, तर बाटल्या-चंचुपात्रं धुवायची, डिस्टिल्ड वॉटरचं यंत्र सकाळी चालू करायचं, नमुन्यांची खोली उघडायची आणि संध्याकाळी बंद करायची. सगळे मला मामा म्हणायचे. सत्तावीस वर्षांत मला जेवढे भाचे मिळाले तेवढे कुठल्या सख्ख्या मामाला मिळाले नसतील, आणि त्यांतल्या एकाला माझं खरं नाव विचारा, डोकं खाजवेल.

ही भाची मात्र इतरांसारखी कोवळी नव्हती. एकतीस-बत्तीसची. लांब कुठेतरी शेतकी खात्यात माती तपासायच्या नोकरीवर होती, तिथून दोन वर्षांची अभ्यासरजा काढून आली होती. चार वर्षांची मुलगी हिच्या आईकडे, नवरा तिसऱ्याच गावी नोकरीला, आणि ही इथे वसतिगृहाच्या खोलीत. उंची जेमतेम. अंगावरचा पांढरा कोट दोन मापं मोठा, बाह्या तीनदा दुमडलेल्या. चाल अशी की मागे कुत्रं लागलंय. काचसामानाच्या कोठीवाल्याने दुसऱ्याच दिवशी तिचं नाव लवंगी ठेवलं. मिरची एवढीशी, पण चावली की डोळ्यांतून पाणी. नाव चिकटलं ते चिकटलंच.

मला ती चावली ती पहिल्याच आठवड्यात. पिपेट तिरकी धरून ती द्रावण मोजत होती. तिरकी धरली की माप चुकतं, हे मला आमच्या जुन्या सरांनी शिकवलं होतं. ते आता निवृत्त झाले, पण माणूस असा की परिचरालासुद्धा शेजारी बसवून सांगायचा. मी जवळ जाऊन हळूच म्हणालो, "मॅडम, सरळ धरा. असं माप चुकेल."

तिने मान वर केली नाही. "मामा, तुम्ही भांडी धुवा. रसायनशास्त्र माझ्याकडे राहू द्या."

पंधरा पोरं फिदीफिदी हसली. माझे कान तापले. आणि थोड्या वेळाने पाहतो तर बाई पिपेट सरळ धरून काम करतेय! म्हणजे सल्ला घेतला आणि वर अपमान फुकट. मी तिथल्या तिथे ठरवलं: भांडी तर भांडी. या बाईला भांड्यांपलीकडचा एक शब्द सांगितला तर नाव बदलून ठेवीन.

तिचा विषय होता जमिनीतलं जस्त. एका पट्ट्यातल्या शेतांमध्ये कोवळी पानं पिवळी पडत होती, वाढ खुंटत होती. जमिनीत जस्त कमी आहे म्हणून, की आणखी कशाने, हे तिला शोधायचं होतं. सत्तर शेतं, प्रत्येक शेतात तीन निरनिराळ्या खोलीवरची माती, म्हणजे दोनशेदहा नमुने. खड्डे तिने स्वतः खणले. कापडी पिशव्या पाठीवरून आणल्या. प्रत्येक पिशवीत एक चिठ्ठी आणि गळ्याशी दुसरी, दोन्ही पेन्सिलीने लिहिलेल्या, कारण ओल लागली की शाई फुटते. प्रत्येक नमुन्याची निम्मी माती तिने न कुटता ढेकळांसकट बाजूला ठेवली. कामात बाई पक्की होती, हे मी दात-ओठ खात का होईना, कबूल करतो.

मग तिने सावलीत वाळलेली ढेकळं लाकडी मोगरीने कुटायला घेतली आणि भिंतीवरची चाळणी काढली. पितळी.

पितळात तांबं असतं आणि जस्त असतं. मातीचे खडे त्या जाळीवर घासले की बारीक कण मातीत उतरतात. नत्र मोजायचं असेल, पालाश मोजायचा असेल, तर काही बिघडत नाही. तिच्या ऑफिसात तेवढंच मोजायचे, म्हणून तिथेही पितळीच होती आणि तिचा हात त्याच चाळणीला बसलेला. पण जस्त मोजायचं असेल तर जस्ताच्या चाळणीतून माती गाळायची म्हणजे मीठ लागलेल्या चमच्याने आमटी चाखून खारट किती ते ठरवायचं. त्याच्यासाठी नायलॉनची चाळणी असते. ती माझ्या कपाटात होती, कागदात गुंडाळलेली. जुने सर गेल्यापासून कुणी मागितली नव्हती.

मी कपाटाशी उभा होतो. ती चाळत होती. एक वाक्य. एकच वाक्य बोलायचं होतं. तिच्या मार्गदर्शक सरांनी पाहिलं असतं तर तेही बोलले असते, पण धुळीने शिंका येतात म्हणून सर त्या खोलीत पाऊल टाकत नसत. मी तोंडात मिठाची गुळणी धरली आणि बाटल्या धुवायला निघून गेलो. खोटं कशाला सांगू, मला मजा वाटली.

मजा काही महिने टिकली. रोज एक-दोन नमुने ती चाळायची, वर नाकाला रुमाल, भुवयांवर माती. साडेचार वाजले की खिडकीशी जाऊन मुलीला फोन करायची. "दोन वर्षं झाली की येणार ना मी. नाही, त्याच्या आधी नाही. त्याच्या आधी आले तर पदवी देत नाहीत." पलीकडून बहुतेक भोकाड यायचं, कारण ही फोन कानापासून लांब धरायची. मग परत येऊन चाळणी उचलायची. मी पाठमोरा राहून बाटल्या धुवायचो. तो आवाज ऐकू येऊ नये म्हणून नळ मोठा सोडायचो. पण सुंभ जळला तरी पीळ जात नाही. उद्या सांगू, म्हणायचो. उद्या ती पुन्हा काहीतरी टोचून बोलायची, आणि मला निमित्त मिळायचं.

घरी एकदा बायकोला सांगितलं. मला वाटलं, हसेल. ती भाजी निवडता निवडता थांबली. म्हणाली, "ती तुम्हाला एक वाक्य बोलली. तुम्ही सात महिने एक वाक्य बोलला नाहीत. जास्त खडूस कोण?" मी जेवायला बसलो तर ताट माझ्यापुढे आदळलं.

आकडे यायला लागले तेव्हा बाई चक्रावली. पानं सांगत होती जस्त नाही. माती सांगत होती भरपूर आहे. तिने आम्ल बदललं, पाणी बदललं, यंत्र पुन्हा जुळवून घेतलं. प्रत्येक खेपेला ती एक कोरा नमुनाही लावायची, म्हणजे माती सोडून बाकी सगळं घातलेली बाटली. त्यात जस्त शून्य. रजेचे सात आठवडे उरले होते. डोळ्यांखाली काळं आलं होतं तिच्या. शेवटी तिने सरांना बोलावून आणलं आणि सर दारातूनच, नाकाला रुमाल लावून म्हणाले, "भांडी नीट धुतलेली नसतील."

ती माझ्याकडे वळली. "मामा, आम्लाने धुता ना बाटल्या? की नुसत्याच विसळता?"

सत्तावीस वर्षं! नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात ते हेच. माझ्या बाटलीवर कुणी डाग दाखवावा आणि माझी मिशी उतरवावी. मी हातातला ब्रश टाकला.

"कोऱ्या नमुन्याला कुठल्या बाटल्या वापरता?" मी ओरडलोच. "याच ना? त्यात जस्त येतं का? नाही येत. मग माझी भांडी घाण कशी? तुमच्या मातीला जे लागतं आणि कोऱ्या नमुन्याला लागत नाही, ते शोधा. रसायनशास्त्र तुमच्याकडे आहे ना? मग सांगा, पितळ कशाचं करतात?"

तिने भिंतीवरच्या चाळणीकडे पाहिलं. इतका वेळ पाहिलं की सरांना मध्येच दोन शिंका आल्या. मग अगदी साध्या आवाजात तिने विचारलं, "तुम्हाला कधीपासून माहीत आहे?"

खोटं बोलता आलं असतं. "पहिल्या दिवसापासून."

ती रडेल असं वाटलं, शिव्या देईल असं वाटलं. तिने फक्त कोटाच्या बाह्या उलगडल्या आणि पुन्हा दुमडल्या.

सर म्हणाले, "आता कुठे वेळ आहे? आहे तेच लिहून टाका. चाळणीचा प्रकार प्रबंधात लिहायलाच हवा असं नाही."

"लिहायलाच हवा," ती म्हणाली. "शेतात जस्त कमी आणि मी लिहू भरपूर आहे? मग लोकांनी पिवळ्या पानांचं काय करायचं?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नायलॉनची चाळणी तिच्या टेबलावर ठेवली. तिने ती घेतली. मी म्हणालो, राखून ठेवलेली ढेकळं कुटून देतो. ती म्हणाली, "माझ्या मातीला हात लावायचा नाही." बाटल्याही ती स्वतः धुवायला लागली, माझ्यासमोर, माझ्याच नळावर. मला आयुष्यात कुणी एवढं झोडपलं नाही. नव्या चाळणीतून आकडे उतरले ते निम्म्याहून खाली. पानं खरं बोलत होती. पण दोनशेदहा नमुने, आणि यंत्रावर तिची पाळी आठवड्यातून दोनदा. सहाव्या आठवड्यात साठ नमुने बाकी होते.

मुदतवाढीचा एकच रस्ता होता. उशीर विद्यार्थ्याच्या हलगर्जीपणाने झाला नाही, असं प्रयोगशाळेतल्या माणसाने लेखी द्यायला हवं होतं. ते मिळालं तर खातं रजाही वाढवणार होतं. नाहीतर पदवीशिवाय परत, दोन वर्षं पाण्यात. सर म्हणाले, मी खोलीत कधी गेलोच नाही, मी कसं लिहू? हे मात्र खरं होतं. मला त्यांनी बाजूला घेऊन सांगितलं, "मामा, निवृत्तीला तीन वर्षं आहेत तुमच्या. कशावर सही करू नका."

ती कागद घेऊन मोरीपाशी आली. टाइप केलेला. "वाचा," म्हणाली. "खरं वाटलं तर सही करा."

मी चष्मा लावला. चार ओळी होत्या. शेवटी लिहिलं होतं: *योग्य चाळणीबाबत विद्यार्थिनीला सांगायचे परिचरांकडून अनवधानाने राहून गेले.*

मी ते दोनदा वाचलं. या बाईने सात-आठ महिने धूळ खाल्ली, पोरीचं रडणं फोनवरून ऐकलं, आणि तरी मला वाचवायला हा शब्द शोधला! अनवधानाने. मला इतकी लाज वाटली आणि लाजेपेक्षा जास्त राग आला. हिच्या उपकारावर मी तीन वर्षं काढायची? मी पेन काढलं. शेवटची ओळ खोडली आणि खाली माझ्या वेड्यावाकड्या अक्षरात लिहिलं: *मला माहीत होते. राग होता म्हणून मुद्दाम सांगितले नाही.* खाली सही, आणि कंसात पूर्ण नाव.

तिने वाचलं. "याने चौकशी लागेल तुमच्यावर."

"लागू दे. मला तुमची दया नको."

"दया?" ती माझ्याकडे बघत राहिली. "दया कसली? खरं लिहिलं असतं तर तुम्ही सही केली नसतीत, असं वाटलं मला. म्हणून तसं लिहिलं."

कागदाची घडी घालून ती संशोधन कार्यालयाकडे निघाली, नेहमीच्याच चालीने. कार्यालय चारला बंद व्हायचं आणि पावणेचार झाले होते. मी नळ सोडला आणि तिने सकाळी धुऊन ठेवलेल्या बाटल्या पुन्हा धुवायला घेतल्या. स्वच्छच होत्या त्या.