रुपीबाईंचे पाच तांबे

माझ्या टाकीला कुणी हात लावलेला मला खपत नाही. कृषी खात्यात तीस वर्षं काढली, तेव्हाही मी फटकळच होतो. पण निवृत्तीनंतर उमरखेडला गच्चीवर पाइपात भाजी लावायला लागलो आणि हा स्वभाव पार हाताबाहेर गेला. मातीचा कणही नाही, खत विरघळवलेलं पाणी मुळांखालून फिरवत ठेवायचं आणि त्यावर पालक वाढवायचा. यात खताचं एक ढाकण कमीजास्त झालं तरी माझं डोकं फिरतं. सुचित्रा, म्हणजे आमची बायको, त्या टाकीला माझी सवत म्हणते.

फुलसावंगीजवळच्या एका बंजारा तांड्यावर शाम आणि उज्ज्वला या नवराबायकोनं माझ्याकडून हे शिकून घेतलं. घरामागे लोखंडी कमानींवर प्लास्टिक ताणून बोगद्यासारखा मांडव केला. एका अंगाला मातीत वांगी आणि टमाटे, दुसऱ्या अंगाला पांढऱ्या पाइपांच्या रांगा आणि त्यांच्या भोकांत पालकाची दोनशे चाळीस रोपं. उज्ज्वला कृषी पदविका झालेली, हात नेटका, बोलणं मोजकं. शाम उत्साही, पण दूध उतू जावं तसा त्याचा राग वर येतो. आणि शामची आई रुपीबाई. मुलगा आणि सून दोघंही त्यांना याडी म्हणतात, गोर बोलीत याडी म्हणजे आई.

रुपीबाई साठीच्या आसपास. नवरा देवसिंग जाऊन नऊ वर्षं झालेली. तांड्यात त्यांचा मान होता तो तीजेमुळे. श्रावणात तांड्यातल्या लग्न न झालेल्या पोरी टोपल्यांत काळी माती आणि लेंडीखत घालून गहू पेरतात, रोज गाणी म्हणत पाणी घालतात, आणि ते अंकुर जितके उंच आणि हिरवे तितकं तांड्याचं बरं, असं मानतात. कोणत्या टोपलीला किती पाणी आणि किती खत, हे रुपीबाई ठरवायच्या. त्यांच्या शब्दापुढे पोरीच काय, तांड्याचा प्रमुख, नायकसुद्धा जात नसे.

मांडवात मात्र त्यांना कुणी विचारत नव्हतं. मीच बजावून ठेवलं होतं, टाकीजवळ फिरकायचं नाही. त्या दाराशी उभ्या राहून पाइपांकडे बघत आणि म्हणत, "नुसत्या पान्यावर कोन जगते, साहेब?" मी हसण्यावारी नेलं. आता त्याची लाज वाटते.

पालकाचे आधीचे दोन प्रयत्न फसले होते. एकदा लोडशेडिंगनं पंप बंद राहिला, एकदा उन्हाळ्यात पाणी तापून मुळं सडली. हा तिसरा. शामचा मित्र चाकणला कंपनीत होता आणि त्यानं नवराबायको दोघांसाठी काम बघून ठेवलं होतं. शामनं घरात सांगून टाकलं होतं, हा पालक उभा राहिला तर राहू, नाही तर तांडा सोडू. रुपीबाईंनी त्या दिवसापासून पालकाकडे देवासारखं बघायला सुरुवात केली. पोरगा आणि सून डोळ्यांसमोर राहावीत एवढीच त्यांची इच्छा होती, आणि ती या दोनशे चाळीस रोपांवर टांगलेली होती.

कापणीला आठवडा उरला असताना पानं जराशी पिवळी पडली. मी फोनवर सांगितलं, लोह कमी पडलंय, मी घेऊन येतो. रुपीबाईंनी ते ऐकलं आणि आपला अर्थ लावला, पिकं भुकेली आहेत. तीजेच्या टोपल्यांसाठी भिजवलेलं लेंडीखत दारातच होतं. संध्याकाळी सून चुलीपाशी असताना त्यांनी ते जुन्या लुगड्यातून गाळलं आणि पाच तांबे टाकीत ओतले. पोरींच्या टोपल्यांना घालतात तसंच, हात जोडून. हे सगळं मला नंतर कळलं.

सकाळी साडेनऊला शामचा फोन आला. पंप तापून बंद पडला होता. मी ओरडलो, "हातानं पाणी ओतत राहा, थांबू नका," आणि स्कूटर काढली.

पोचलो तेव्हा श्रावणातलं ऊन प्लास्टिकवर कडक पडलं होतं आणि आत श्वास कोंडत होता. उज्ज्वलानं टाकी रिकामी करून धुतली होती, साधं पाणी भरलं होतं. ती आणि रुपीबाई तांब्यातांब्यानं प्रत्येक पाइपाच्या तोंडाशी पाणी सोडत होत्या. बारा पाइप. बाराव्याशी पोचेपर्यंत पहिल्यातलं पाणी ओसरायचं. कडेच्या रोपांनी माना टाकल्या होत्या.

मी पंप उघडला. आत गाळ घट्ट बसलेला. खताच्या दोन बाटल्या असतात, त्या वेगवेगळ्या ओतायच्या असतात. पाणी न घालता एकत्र ओतल्या की गाळ होतो. मी काही न विचारता उज्ज्वलाला झापलं. "दोन्ही एकत्र ओतल्या ना?"

तिनं माझ्याकडे बघितलं नाही. "असंन, सर," म्हणाली.

शामचा राग वर आला. "दोन वर्सं शिकून राह्यली ना तू? अन् इतकंबी ध्यानात नाई राहात?" मग आईकडे वळून त्यानं सांगितलं, "याडी, मी कूलरचा पंप घेऊन येतो. येईस्तोर हे उभं असंन तर ठीक. नाई तर चाकणले आजच फोन करतो. मले आता कटाळा आला." तो गाडी काढून गेला.

मीही तांब्या उचलला. तिघंजण पाणी ओतत होतो. कूलरचा हंगाम संपलेला, फुलसावंगीत पंप मिळेना, शाम पुढे महागावला गेल्याचा फोन आला. म्हणजे अजून तास तरी. रुपीबाई थांबायला तयार नव्हत्या. पदर खोचून त्या पाइपापाइपाशी वाकत होत्या, ओठ सुकले होते. मी म्हटलं, जरा बसा. त्यांनी ऐकलं नाही. त्या पळता पळता वळून सुनेकडे बघायच्या, परत पाणी ओतायच्या. मला वाटलं, वैतागल्या असतील सुनेवर.

बाराच्या सुमारास चौथ्या पाइपाशी त्या थांबल्या.

"साहेब," त्या म्हणाल्या, "तिनं नाई केलं. मी केलं." आणि सगळं सांगितलं. लेंडीखत, लुगडं, पाच तांबे. "मले वाटलं, भुकेले हायत. शाम आला का त्याले सांगतो. म्हनतो, तुह्या बाटल्या बरोबर होत्या, तुही बायको बरोबर होती, चूक माह्या हातानं झाली. मंग त्याले जायची गरजच नाई पडनार."

तांड्यातली सगळ्यात मानाची बाई पोरासमोर स्वतःची चूक कबूल करायला निघाली होती, आणि तिच्या चेहऱ्यावर सुटकाच दिसत होती. मी मात्र न केलेल्या चुकीसाठी एका शहाण्या मुलीला झापून बसलो होतो. मी उज्ज्वलाची माफी मागायला तोंड उघडलं.

ती आधी बोलली. "मले मालूम हाय, याडी."

"काय मालूम हाय?"

"सकाळी टाकी धुतली तवाच दिसलं. जाळीत लेंड्यांचा चोथा होता. वास आला."

रुपीबाईंना कळेना. "मंग बोलली काहून नाई? तो तुले इतकं टोचून बोलला."

उज्ज्वलानं पुढच्या पाइपात पाणी सोडलं, ते पार वाहून जाईपर्यंत बघत राहिली. "सांगतलं असतं तर तो तांड्यावरच थांबला असता," ती म्हणाली.

मला तिथून निघून जावंसं वाटलं, पण हातातला तांब्या खाली ठेवायचंही धाडस होईना.

"तुले जायचं हाय?" रुपीबाईंनी विचारलं.

"चाकणले फुलांच्या रोपांची प्रयोगशाळा हाय. मले काम भेटलं हाय, माह्या शिक्षनाचं. शामले सांगतलं नाई. तो म्हनला असता, तुह्या कामासाठी याडीले एकटीले टाकून कायले?" तिनं तांब्या टाकीत बुडवला. "तुमी वाईट नाई हो याडी. तुमी वाईट असत्या तर बरं झालं असतं."

रुपीबाईंनी तांब्या टाकला नाही, हे मला सांगायलाच हवं. त्या पाचव्या पाइपाशी गेल्या, मग सहाव्या. मला राग येत होता, नेमका कुणाचा ते ठरेना. पोराला आणि सुनेला थांबवायचा उपाय रुपीबाईंच्या तोंडात होता. पोरगा आला की दोन वाक्यं बोलायची, बस.

शाम आला तेव्हा एक वाजून गेला होता. त्यानं रांगांकडे बघितलं. कडेची वीसेक रोपं गेली होती, बाकीची उभी होती. त्याचा चेहरा उजळला. "अरे, उभी हायत की. मंग राहू, याडी."

"ऐक," रुपीबाई म्हणाल्या. "गाळ माह्या हातानं झाला. मी लेंडीखत ओतलं. सुनेचा काईबी दोष नाई, तिले पुन्हा बोलायचं नाई."

शाम चक्क हसला. "मंग तर राह्यलंच पायजे. चूक बाटल्यांची नाई, आपल्या कामाची नाई."

"नाई. चाकणले फोन लाव. दोघं येऊन राह्यलो म्हन."

"काहून?"

त्यांनी सुनेकडे बघितलं नाही. "मले हे शिकायचं हाय. तुमी दोघं असले का मले दारातच उभं करता. मी केलं म्हनून बिघडलं, आता मीच नीट करन. साहेब हायत शिकवाले. तू जाय."

शाम माझ्याकडे बघायला लागला. मी होकारार्थी मान हलवली.

तो पंप जोडायला टाकीकडे गेला. रुपीबाईंनी पदराला हात पुसले, फळीवरच्या दोन बाटल्या काढल्या आणि उज्ज्वलासमोर धरल्या. "कोनती आधी, अन् किती ढाकनं? करून दाखव," त्या म्हणाल्या.

उज्ज्वलानं पहिली बाटली घेतली आणि ढाकणात ओतायला लागली. थेंबही जास्त पडू नये म्हणून रुपीबाईंनी बाटली खालून धरली.