रिसोडच्या दालमिलमधला हॉपर

चूक माझी होती. पत्रा मिस्त्रीने कापला, पण कापायच्या रेषा मी आखून दिल्या होत्या, आणि त्या चुकीच्या होत्या. पन्नास वर्षं मी हे कोणाला सांगितलं नाही.

सत्तरच्या दशकात मी वाशीमला मुलांना ड्रॉइंग शिकवायचो. चित्रकला नव्हे, यंत्रकामाचं ड्रॉइंग. पत्र्याची भूमिती हा माझा हातखंडा विषय. पहिल्या तासाला मी वर्गात एक नळकांडं, एक शंकू आणि एक चेंडू घेऊन जाई. प्रत्येकावर फूटपट्टी टेकवून दाखवी. नळकांड्यावर ती एका दिशेने पूर्ण टेकते, शंकूवर टोकापासून खालपर्यंत टेकते, चेंडूवर कुठूनही एकाच बिंदूत. म्हणून सपाट पत्रा वाकवून नळ होतो, नरसाळं होतं. चेंडू होत नाही. त्यासाठी पत्रा ठोकून ताणावा लागतो. एवढं समजलं की बाकी सगळं आखणीचं काम. आजही मी हे असंच शिकवीन.

रिसोडला एक नवी दालमिल उभी राहत होती. तुरीचं पोतं रिकामं करायला वर चौकोनी तोंड आणि खाली यंत्राच्या गोल नळीवर बसणारं तोंड, असा हॉपर मिलच्या शेठना हवा होता. त्यांनी मला बोलावलं. पत्रेकामाला गावातलाच एक मिस्त्री ठरला होता. एसटी स्टँडमागे त्याचं दुकान. बादल्या, चाळण्या, नरसाळी करायचा. हॉपर नीट झाला तर मिलचं सगळं पत्रेकाम कायमचं त्याला मिळणार, हे शेठनी माझ्यासमोर कबूल केलं होतं. त्या भरवशावर त्याने मोठी कात्रीही आणली होती.

चौकोनातून गोलाकडे जाताना चार सपाट त्रिकोण लागतात आणि चार कोपऱ्यांना शंकूचे चार तुकडे. कोपऱ्यापासून वर्तुळापर्यंतच्या प्रत्येक रेषेची खरी लांबी काढावी लागते, कारण त्या रेषा तिरक्या असतात आणि कागदावर आखूड दिसतात. मी घाईत समोरून दिसणाऱ्या चित्रावरूनच लांब्या उचलल्या. ही चूक पहिल्या वर्षाचा मुलगा करतो. त्याबद्दल मी मुलांना उभं करीत असे.

मिस्त्रीची रीत अशी, की आधी जुन्या कॅलेंडरच्या पुठ्ठ्यातून लहान तुकडा कापून वळवून पाहायचा. त्याने माझं ड्रॉइंग तसंच करून पाहिलं आणि मला म्हणाला, "सर, हे खालपर्यंत पोचून नाई राह्यलं."

"पुठ्ठा जाड आहे म्हणून तसं वाटतं. तुम्ही रेषेवर कापा."

"पाहा बा. पत्रा काही पुन्हा जुडत नाई."

"मिस्त्री, ड्रॉइंग कोणाचं आहे?"

"तुमचंच हाये. मंग कापतो."

हॉपर चढवला तेव्हा खालचं तोंड नळीच्या चार बोटं वर लटकलं. शेठ लाल झाले. "काय रे मिस्त्री, पत्रा खाल्ला का?"

मिस्त्रीने माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "कापताना रेष सुटली असेल."

त्याने आपली कात्री उचलली आणि तो दुकानाकडे निघाला. त्याच्या जागी मी असतो तर पुठ्ठ्याचा तुकडा शेठसमोर आपटला असता.

दुसऱ्या दिवशी मी त्याच्या दुकानात गेलो. माफी मागायला नव्हे. चूक कुठे आहे ते मला अजून सापडलं नव्हतं. त्याने दुकानामागे जमिनीवर चौकोनी लाकडी चौकट ठेवली होती आणि तिच्यावर हॉपरच्या उंचीला, एका खांबाला लोखंडी कडं बांधलं होतं. चौकटीच्या कोपऱ्यांपासून कड्यापर्यंत सुतळ्या ताणल्या होत्या. एकेक सुतळी सोडून तो पत्र्यावर मापून घेत होता.

"उलटा केला हॉपर," तो म्हणाला. "सुतळी खोटं नाई बोलत, सर. कागद बोलते कधी कधी."

मी ती मापं वहीत उतरवली. माझी चूक मला लगेच कळली. घरी जाऊन त्याच मापांवरून स्वच्छ ड्रॉइंग केलं, खाली माझी सही केली आणि शेठना दिलं. त्यावरून शेठनी बोलावलेल्या वाशीमच्या कारागिराने हॉपर केला. तो नळीवर चपखल बसला. "मास्तर, तुम्ही होते म्हणून निभावलं," शेठ म्हणाले. मिलचं काम त्या वाशीमवाल्याकडे गेलं. सुतळ्यांची ती रीत मी पुढे वर्षानुवर्षं वर्गात शिकवली, आपली म्हणून.

दोनेक वर्षांनी रिसोडच्या बाजारात मिस्त्री भेटला. दुकान राहिलं नव्हतं. गोणपाटावर चाळण्या आणि नरसाळी मांडून बसला होता.

"काय सर, आता खरी लांबी घेता का?"

"घेतो," मी म्हणालो. हसलोही.

"मंग शेठले सांगा ना. मी सांगतलं तं मले म्हन्ते, मास्तर कायले चुकन?"

"सांगतो. आजच सांगतो."

त्याने मान डोलावली आणि पुढच्या गिऱ्हाइकाला चाळणी दाखवायला लागला. त्याने माझ्यावर विश्वास ठेवला होता, हे त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. दालमिल तिथून चालत दहा मिनिटांवर होती. शेठ त्या वेळी गादीवर असणार, हेही मला माहीत होतं. मी स्टँडवर गेलो आणि वाशीमची गाडी धरली.