दोन गावांच्या मधोमध जेवणारे अण्णा

माननीय रंगनाथअण्णांशी माझी ओळख झाली ती माझ्या रागापासून. मंठा तालुक्यातल्या उमरदरीच्या शाळेत मी तेव्हा नवाच रुजू झालो होतो. जिल्हा परिषदेचे सदस्य म्हणून अण्णा नव्या वर्गखोलीच्या उद्घाटनाला आले. मी हौसेने स्वतः चहा करून त्यांच्यापुढे धरला. अण्णांनी हात जोडले, पिशवीतून आपली पाण्याची बाटली काढली, घोटभर प्यायले आणि भाषणाला उभे राहिले. माणूस भलताच शिष्ट दिसतो, असे मी मनात म्हटले. मग मुख्याध्यापकांनी खुलासा केला. उमरदरी आणि शेजारचे बोरवंड, या दोन गावांत अण्णा अन्नाचा कण किंवा पाण्याचा थेंब घेत नसत. एका गावात घेतला, तर दुसऱ्या गावात लगेच बोभाटा झाला असता.

कारण होते मधला माळ. नदीने कधीकाळी पात्र बदलले, शिवेचे दगड वाहून गेले आणि तेव्हापासून दोन्ही गावे हे गायरान आमचेच म्हणत आली. त्यापायी डोकी फुटली, जमलेल्या सोयरिकी मोडल्या. अण्णा निवडून आले ते या दोन्ही गावांच्या मतांवर. निवडून आल्या आल्या त्यांनी उमरदरीत कुणाच्या तरी शेतात हुरडा खाल्ला आणि दुसऱ्या दिवशी बोरवंडची माणसे समेटाच्या बैठकीला फिरकलीच नाहीत. आपला सदस्य हुरड्यावर विकला गेला, असे तिथे ठरून गेले होते. त्याच दिवशी अण्णांनी जाहीर केले, की माळाचा निकाल लागेपर्यंत दोन्ही गावांत आपल्याला अन्नपाणी वर्ज्य. पुढाऱ्यांच्या प्रतिज्ञा बहुधा मतदानापर्यंत टिकतात. अण्णांची त्यांच्या म्हातारपणापर्यंत टिकली.

दौऱ्यावर असले की ते माळावरच्या बाभळीखाली जीप लावून घरची भाकरी खात, एकटेच. दोन्हीकडची माणसे लांबून बघत. जवळ कुणी जात नसे, कारण जाणाऱ्याच्या गावाचे नाव अण्णांना चिकटले असते. मी उमरदरीचा मास्तर, म्हणून मलाही तीच बंदी. इतक्या लोकांनी निवडून दिलेला माणूस जेवायला इतका एकटा असावा, याचे मला फार वाईट वाटे.

एका उन्हाळ्यात बोरवंडकरांनी माळावर चरणाऱ्या उमरदरीच्या मेंढ्या धरून कोंडवाड्यात घातल्या. अण्णा कोंडवाड्याच्या दारात जाऊन बसले. बाटलीतले पाणी संपले, ओठ सुकले, तेव्हा ज्यांनी मेंढ्या कोंडल्या त्यांनीच पाण्याचा तांब्या पुढे केला. अण्णा म्हणाले, "मेंढरायला पाजा. माझं काय, मी माळावर जाऊन जीपमधलं पितो." लोक खजील झाले आणि मेंढ्या सुटल्या. माझी आई आजारी पडली, तेव्हा अण्णांनी आपली जीप आमच्या दारात आणून उभी केली आणि स्वतः जालन्याच्या बैठकीला एसटीने उभ्याने गेले. त्याबद्दल ते पुन्हा कधी बोलले नाहीत.

गौरवग्रंथात गौरवच लिहावा, असे संपादकांनी मला बजावले आहे. तरीही साळूबाईंबद्दल लिहिल्यावाचून अण्णांचा गौरव अर्धाच राहील.

साळूबाई ही अण्णांची एकुलती एक धाकटी बहीण, बोरवंडला दिलेली. तिचे यजमान अचानक गेले. अंत्यविधीनंतर भाऊबंदांनी रीतीप्रमाणे पिठलं-भाकरी आणली. हा कडू घास माहेरच्या माणसाने शेजारी बसून, स्वतः खाऊन, मग दुःखात असलेल्या बाईला भरवायचा असतो. अण्णा बहिणीजवळ बसले. भाकरीचा तुकडा मोडून त्यांनी तिच्या तोंडाशी नेला. तिने विचारले, "तू खाशील का?" अण्णांनी तुकडा तसाच तिच्यापुढे धरला, स्वतः खाल्ला नाही. त्या आठवड्यातच माळाची मोठी बैठक होती. साळूबाईंनी त्यांचा हात हलकेच बाजूला केला आणि त्या म्हणाल्या, "अण्णा, तू गावाचा झाला. माझा न्हाई राह्यला." त्यानंतर त्या माहेरी आल्या नाहीत. अण्णांची ती बैठकही फिसकटलीच.

पुढे अण्णांच्या पत्नी, आमच्या वहिनी, गेल्या, मुलगा पुण्याला स्थायिक झाला आणि मंठ्याच्या घरातही अण्णांचे ताट एकटेच लागू लागले.

यंदा मात्र अण्णांच्या खटपटीला यश आले. मोजणी झाली आणि दोन्ही ग्रामसभांनी माळ सामाईक चराईचा म्हणून मान्य केला. भांडायला विषय उरला नाही म्हणावे, तर अण्णांना पहिलं जेवण कुणी घालायचं यावरून पुन्हा दोन्ही गावांची जुंपली. अण्णांनी एवढेच सांगितले, "आधी साळूकडं." सोबत म्हणून त्यांनी मला नेले.

साळूबाईंनी पाट मांडला. गरम भाकरी, आमटी, वर तेल टाकलेला ठेचा, सारे मायेने वाढले. अण्णा ताटाला हात न लावता बसून राहिले. मग त्यांनी विचारले, "तुझं ताट?"

"तू जेव," साळूबाई म्हणाल्या. "मला आता एकलीनंच जेवण गोड लागतं."

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, हे मी जवळून ऐकले आहे. राग असता तर बरे झाले असते. अण्णांनी मान खाली घालून सगळी भाकरी संपवली. परतताना जीपमध्ये ते म्हणाले, "गुरुजी, तिचं बराबर हाय."

दोन गावे ज्यांनी एका माळावर आणली, त्या अण्णांना अमृतमहोत्सवानिमित्त मी मनापासून वंदन करतो. त्यांनी शंभरी पार करावी आणि धडधाकट राहावे, ही प्रार्थना मी करतोच. पण देवाने साळूबाईंनाही तेवढेच आयुष्य द्यावे. अण्णांना एकट्याला दिले, तर त्याचे ते काय करतील?